‘आपण’चा भार कोणावर

“लोखंडेबाईंचे शब्द नुसते पडून असतात. सामाईक सगळं त्यांच्यावर टाका. त्या काही बोलायच्या नाहीत,” असं मुळीक साहेब म्हणाले, ते मी, म्हणजे खुद्द लोखंडेबाईंनी, ऐकायचं नव्हतं. पण आमच्या कचेरीतल्या भिंती सात फुटी प्लायवूडच्या आहेत आणि छत बारा फुटांवर आहे. मधल्या पाच फुटांतून जे यायचं ते येतं. मी पलीकडे बाटलीत पाणी भरत होते. बाटली भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नाही. केला असता तर पाण्याचा आवाज थांबला असता आणि इकडे कुणीतरी आहे हे त्यांना कळलं असतं.

आमच्या कंपनीत संगणक विभागाचा खर्च बोलण्यातून वसूल होतो. पूर्वी तो रुपयांत व्हायचा. पण विभागाविभागांतले रुपये म्हणजे या खिशातले त्या खिशात. त्याचं कुणाला काही वाटत नसे, आणि लोक एका ओळीच्या निरोपालाही रंगीत प्रिंट काढत. खर्च जाणवला पाहिजे, असा ठराव सात वर्षांपूर्वी संचालकांनी केला. तेव्हापासून ज्या विभागाने यंत्र जितकं वापरलं तितके शब्द त्या विभागातल्या माणसांकडून कापले जातात. प्रत्येकाचे महिन्याला एक लाख शब्द धरलेले आहेत. एका मेलला सहा, एका प्रिंटला चार, विसरलेला पासवर्ड नवा करून घ्यायला चाळीस. शब्द संपले की तोंड उघडतं, ओठ हलतात, पण एक तारखेपर्यंत आवाज येत नाही. घरचे शब्द वेगळे आणि कंपनीतले वेगळे असं नसतं, कारण माणसाचं तोंड एकच असतं. खोकला, शिंक, जांभई आणि हसणं यांना शुल्क नाही. गुणगुणण्याचं प्रकरण अजून समितीपुढे आहे.

कंपनी कराडच्या बाहेर आहे आणि ट्रॅक्टरच्या सीटखाली बसतात त्या स्प्रिंगा करते. मी वाटप कक्षात काम करते. कक्ष म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि मी. रोज सकाळी यंत्राकडून तक्ता येतो, त्यावरून कोणत्या विभागाचे किती शब्द कापायचे ते मी लिहून काढते. लग्न होऊन बार्शीहून इथे आले आणि पाचव्या आठवड्यात या जागेवर लागले. मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला होता : तुम्ही फार बोलता का? मी मान हलवली. लगेच घेतलं.

माणसं या पद्धतीला सरावली आहेत. विक्री विभागाचे इरफान बागवान स्वभावाने बोलके, पण त्यांचा विभाग दिवसभर मेल करतो, त्यामुळे चोवीस तारखेच्या आसपास ते गप्प होतात. म्हणून ते एक तारखेलाच महिन्याभराचं बोलून घेतात. मला त्यांनी दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या तेव्हा दिवाळीला सव्वीस दिवस होते. “आणि तुमच्या मिस्टरांचा वाढदिवस एकोणतीसला ना, त्यांना पण सांगा, आणि पेढे कधी देताय, ते पुढच्या महिन्यात विचारीन,” असं एका दमात म्हणून ते पुढच्या टेबलाकडे गेले. संगणक विभागाचे हसबनीस मात्र महिनाभर बोलतात. त्यांच्या विभागाकडून वसुली नाही, कारण स्वतःकडूनच स्वतःचा खर्च कसा घेणार. आमच्या मजल्यावर सत्तावीस-अठ्ठावीसच्या सुमाराला दुपारी जो एकच आवाज ऐकू येतो तो त्यांचा असतो, आणि बहुतेक वेळा तो त्यांच्या गुडघ्याबद्दल असतो.

माझे यजमान प्रणित हे डिस्पॅचमध्ये आहेत. माल गाडीत चढवायचा, प्रत्येक खोक्यावरची पट्टी यंत्राला दाखवायची, चलन छापायचं. डिस्पॅचचे शब्द अठरा तारखेला संपतात. हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. बघायला आले होते तेव्हा महिन्याची तीन तारीख होती आणि ते छान बोलले होते. माझ्या आईला तर ते जरा जास्तच बोलतात असं वाटलं होतं.

एक तारखेला ते घरी आले की दारातूनच सुरुवात करतात. गावाकडची विहीर, शाळेतला मार, गाडीवाल्याने सांगितलेलं काहीतरी. मी ऐकते. मध्ये काही विचारत नाही, कारण मी प्रश्न विचारला की उत्तराचा खर्च त्यांच्यावर पडतो. भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढं विचारलं तरी त्यांचे दोन-तीन शब्द जातात. ते दोन-तीन शब्द कुठल्या तरी सतरा तारखेला त्यांना हवे असतील, असं मला वाटतं. म्हणून मी कमी बोलायला लागले. आधी फार बोलत होते असं नाही, पण जेवढं बोलत होते त्यातलंही बरंच सोडलं. लोकांना वाटतं मी मुळात तशीच. फोनवर आई म्हणते, बोलत जा गं जरा, आणि मग आईच बोलते.

अठरानंतर ते चलनांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितात. लिहिण्याला शुल्क नाही. “मीठ कमी.” “उद्या डबा नको.” “गॅसवाला येऊन गेला?” मी त्याच कागदावर खाली उत्तर लिहिते. बारा दिवसांत साधारण पन्नास कागद होतात आणि ते मी साखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवते. कागदावर सगळं लिहिता येतं. फक्त हाक मारता येत नाही. त्यासाठी ते ताटावर चमचा दोनदा वाजवतात. दोनदा म्हणजे मी. एकदा वाजला तर तो चुकून लागलेला असतो.

तर मुळीक साहेब. ते आमचे लेखाप्रमुख. माणूस वाईट नाही. लग्नात त्यांनी आम्हाला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि ते अजून चालतं. त्यांची अडचण सामाईक खर्चाची होती. यंत्र कुणाचंही काम करत नसतं तेव्हाही चालूच असतं, गरम होतं, स्वतःला दुरुस्त करून घेतं. त्या वेळचे शब्द कुणाच्या नावावर टाकायचे? आधी डोकी मोजून टाकले, तर वॉचमन लोकांनी हरकत घेतली, त्यांनी यंत्र पाहिलेलंही नव्हतं. मग जागेच्या चौरस फुटांवर टाकले, तर गोदामातला एकटा माणूस तीन तारखेलाच मुका झाला. आता नवीन तत्त्व आलं होतं, ज्याची जेवढी क्षमता त्याच्यावर तेवढा भार. महिनाअखेर ज्याच्या खात्यात जेवढे शब्द शिल्लक राहतील, तेवढे पुढच्या महिन्यापासून दर एक तारखेला आधीच कापून घ्यायचे. शिल्लक राहतात याचा अर्थ ते लागत नाहीत.

एरवी सगळ्यांची शिल्लक शेवटच्या दिवशी शून्यावर येते. माझ्या खात्यात त्या दिवशी, वीस तारखेला, त्र्याण्णव हजार होते.

घरी जाताना मी हिशेब केला. हे झालं तर एक ते अठरा तारखेपर्यंत प्रणित बोलतील आणि मला हूं म्हणायलाही शब्द पुरवून वापरावे लागतील. अठरापासून पुढे आमच्या घरात फक्त कुकर बोलेल.

त्या संध्याकाळी मी आमटी केली होती. चमचा ताटावर दोनदा वाजला. मी गेले तर त्यांनी कागद पुढे केला : “काय झालं?” मी खाली लिहिलं, काही नाही. त्यांनी “काही नाही”च्या खाली रेघ ओढली आणि कागद परत माझ्याकडे सरकवला. मी कागद उलटा केला. उलट्या बाजूला चलन होतं. माल, संख्या, गाडी नंबर, आणि तळाला छापील ओळ : “आपण माल तपासून घ्यावा व पोच द्यावी.”

ती ओळ मी साखरेच्या डब्यातल्या प्रत्येक कागदावर पाहिलेली असणार. वाचली त्या दिवशी.

इथे एक नियम सांगायला हवा. ‘मी’ म्हटलं की शुल्क बोलणाऱ्याचं. ‘आम्ही’ म्हटलं तरी बोलणाऱ्याचंच, कारण ‘आम्ही’त ऐकणारा नसतो. ‘आपण’ म्हटलं की मात्र वाक्य दोघांचं होतं, म्हणून दोघांकडूनही पूर्ण शुल्क घेतलं जातं. त्यामुळे आमच्याकडे कुणी कुणाला न विचारता ‘आपण’मध्ये घेत नाही. घेतलं तर तक्रार होते. लोक म्हणतात, मी चहाला चाललोय, तुम्हीही आलात तर हरकत नाही. डबे उघडताना प्रत्येक जण म्हणतो, मी जेवतो. छापील कागदांनाही हाच नियम. ज्या कागदावर ‘आपण’ आहे तो दोघांचा कागद, शुल्क दुप्पट. आणि चलन घेणारा कंपनीबाहेरचा असल्याने त्याच्या वाटचे शब्दही डिस्पॅचकडूनच जात होते. म्हणजे सांगलीच्या दुकानदाराला आदराने तपासून घ्या म्हटलं, ते यंत्राने डिस्पॅच आणि दुकानदार मिळून माल तपासणार असं धरलं होतं. सात वर्षं.

दुसऱ्या दिवशी मी तक्ते काढून पाहिले. डिस्पॅचची एका दिवसाची चलनं तीनशे बारा, आकारणी सहाशे चोवीसची. ती दुप्पट मी स्वतःच्या हाताने रोज लिहीत होते. माझ्या मनात काय होतं विचाराल तर, एक कागद आणि एक त्याची कार्बन कॉपी.

हसबनीसांकडे गेले. त्यांनी आधी गुडघ्याचं सांगितलं, मग त्यांच्या मेहुण्याच्या गुडघ्याचं. मग चलन हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. ते म्हणाले की यात यंत्राची चूक म्हणता येणार नाही. यंत्राला हिशेब कळतो, आदर कळत नाही. भाषेनेच दोन कामांना एक शब्द ठेवला तर यंत्र काय करणार. दुरुस्ती करता येईल, पण त्यासाठी समितीच्या बैठकीत कुणीतरी दोन्ही ‘आपण’चा एकेक नमुना तोंडी द्यावा लागेल. आदराचा एक, सोबतीचा एक. म्हणजे यंत्र फरक ओळखेल. लेखी चालणार नाही, कारण ते बोलण्यावर चालतं.

“तोंडी म्हणजे तुम्हालाच द्यावा लागेल हो,” ते म्हणाले. “डिस्पॅचमध्ये आता कुणाकडे शब्द आहेत?”

बैठक सत्तावीस तारखेला होती. सामाईक खर्च वाटप समितीची बैठक नेहमी सत्तावीसलाच असते. तोपर्यंत बहुतेक सभासदांचे शब्द संपलेले असतात आणि कामकाज फार शांततेत होतं. नियमावलीत कलम चार (ब) आहे : मौन ही संमती. त्यामुळे आजवरचे सगळे ठराव एकमताने मंजूर झालेले आहेत. डिस्पॅचचा भार सात वर्षांत पाच वेळा वाढला, पाचही वेळा डिस्पॅचच्या संमतीने.

डिस्पॅचकडून या वेळी प्रणित आले होते. सत्तावीसला कुणीही आलं तरी सारखंच, म्हणून ते आळीपाळीने येतात. ते समोरच्या बाजूला, बागवानांच्या शेजारी बसले. त्यांच्यापुढे स्टीलचा पेला होता. घरी असतात तसेच बसले होते, फक्त शर्ट खोचलेला होता. बागवानांनी आधीच एका चिठ्ठीवर ‘हरकत नाही’ लिहून समोर ठेवलं होतं. त्यांची ती चिठ्ठी जुनी आहे, घडीवर फाटली आहे.

मुळीक साहेबांनी ठराव वाचला. क्षमतेचं तत्त्व सांगितलं, आकडे सांगितले. माझं नाव घेतलं नाही, ‘वाटप कक्ष’ म्हणाले. मग चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही. मुळीक साहेबांनी पेन उघडलं.

तेवढ्यात पेल्यावर पेन वाजलं. दोनदा.

मी वर पाहिलं. प्रणित माझ्याकडे पाहत होते. त्यांचे ओठ हलत होते, आवाज अर्थातच नव्हता. मुळीक साहेब म्हणाले की पेला वाजवणं हे नियमावलीत बोलणं म्हणून धरलेलं नाही, पण मौन म्हणूनही धरता येणार नाही. हा मुद्दा पूर्वी आलेला नाही. त्यांनी पेन मिटलं.

मी उभी राहिले. उभं राहायची गरज नव्हती. चलनाचं सांगितलं, तीनशे बारा आणि सहाशे चोवीस सांगितलं, सात वर्षं सांगितलं. गेले सहा महिने चूक लिहिणारा हात माझाच होता हेही सांगितलं. साहेबांपुढे मी एका वेळी इतकं कधी बोलले नव्हते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं की ते मनात मोजत असावेत. बागवान मोठ्याने हसले. हसण्याला शुल्क नाही. मग त्यांनी ‘हरकत नाही’ची चिठ्ठी उचलून खिशात घातली.

मुळीक साहेब न्यायी आहेत, हे मी आधीच म्हटलं आहे, किंवा म्हणायचं राहिलं असेल. त्यांनी चलन डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि चूक मान्य केली. दुरुस्ती एक तारखेपासून लागू होईल. मागचं काही परत मिळणार नाही, कारण न बोललेलं परत देण्याची सोय नाही. डिस्पॅचचे शब्द आता साधारण महिनाअखेरीपर्यंत पुरतील. सामाईक खर्चाचा ठराव मात्र तसाच राहील. तो वेगळा विषय आहे आणि खर्च कुणीतरी उचलायलाच हवा.

“पण बाई, एक लक्षात घ्या,” ते म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता, पाण्याच्या नळापलीकडून आला होता त्याहून बराच खाली. “आम्ही शिल्लक राहील तेच घेणार. वापरलेलं कोण घेणार?”

मग हसबनीसांनी यंत्राचा माईक टेबलाच्या मध्यभागी ठेवला आणि नमुने मागितले. आदराचा मी लगेच दिला : आपण माल तपासून घ्यावा. यंत्राचा हिरवा दिवा लागला.

“आता सोबतीचा,” हसबनीस म्हणाले. “बोलणारा आणि ऐकणारा दोघं आत आले पाहिजेत. ऐकणारा समोर हजर हवा. समितीला उद्देशून नको, नाहीतर आम्हा सगळ्यांच्या नावावर पडेल.”

मी वाक्य शोधू लागले. लग्नाला सात महिने झाले होते. घरी मी म्हणते, तुम्ही बसा, मी वाढते. तुम्ही व्हा पुढे, मी येते कुलूप लावून. आईला फोनवर म्हणते, आम्ही मजेत आहोत. ते चलनाच्या पाठीवर लिहितात, मी आज उशिरा. मागचे सात महिने चाळून पाहिले तर तसं एकही वाक्य सापडेना. एक तारखेलाही नाही. एवढ्या बोलण्यात विहीर होती, शाळा होती, गाडीवाला होता, आणि हा शब्द आम्ही दोघांनीही, एकमेकांचा खर्च नको म्हणून, जपून बाजूला ठेवला होता.

हसबनीसांनी हळूच सांगितलं की ऐकणाऱ्याच्या खात्यात काही नसेल तर यंत्र वाक्य घेणार नाही, त्याचा भाग कुणावर टाकायचा तेही बोलणाऱ्यानेच सांगायचं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. माझ्या नावापुढे एक्याण्णव हजार होते. महिन्याचे चार दिवस उरले होते. दिवसाला साधारण तेवीस हजार.

प्रणितनी पेन खाली ठेवलं. मी माईककडे न बघता त्यांच्याकडे वळले.

“अहो,” मी म्हणाले, “आपण आज बोलत बोलत घरी जाऊ. तुमच्या वाटचं मी बोलते.”